मागच्या चाकाची डिस्क

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या मोटारीच्या मागच्या चाकाची डिस्क निघेना, या क्षुल्लक घटनेपासून प्रस्तुत लेखाचा उगम आहे. आमचें गांव कोंकणांत समुद्रकांठीं आहे. पावसाळ्याचे चार महिने गाडी बहुतेक उभीच होती. आणि आश्विनांत ती बाहेर काढली तेव्हां मागल्या डाव्या चाकांतून खरखर आवाज येऊं लागला. डिस्क बदलावी लागणार हें उघड होतें. चार बोल्ट काढावयाचे, एक चकती उतरवावयाची आणि दुसरी चढवावयाची, यांत अवघड तें काय, अशा समजुतीनें मीं तें काम घरच्या अंगणांतच करण्याचें ठरविलें. चाक निघालें, कॅलिपरहि निघाला. पण डिस्क मात्र तुंब्याला अशी धरून बसली कीं, दोन्ही जणूं एकाच ओतकामांतून निघालीं असावींत. मीं हातोडा घेतला. दहाबारा घावांनंतर डिस्कच्या कडेचा एक टवका उडाला. डिस्क जागची हालली नाहीं.

शेजारीं राहणारे, एस. टी. च्या आगारांत तीस वर्षें काम करून निवृत्त झालेले एक मिस्त्री कुंपणापाशीं उभे राहून हें पाहत होते. ते म्हणाले, "सर, तुम्ही डिस्कला मारताय. पण तिला धरलंय कुणी, ते आधी बघितलंत का?"

मी कॉलेजांत इतिहास शिकवितों. एखादी गोष्ट जागची कां हलत नाहीं हें समजण्यासाठीं तिला कोणीं धरून ठेवलें आहे तें पाहावें, हेंच मी वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों आहें. आणि माझ्याच अंगणांत मला त्याचा विसर पडला होता. त्या दिवशीं हातोडा खालीं ठेवला तो ठेवलाच, आणि नंतरचे कांहीं दिवस ब्रेकच्या इतिहासांत घालविले. हा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: गाड्या जलद धांवूं लागल्या, जुने ब्रेक अपुरे पडले, नवे आले. तें खोटें नाहीं. परंतु त्या कथेंत गंजाला स्थान नसतें. गंजाच्या बाजूनें तोच इतिहास पाहिला तर त्यांतील माणसांचा मान निराळा लागतो, आणि माझ्या डिस्कचें कोडेंहि त्यांतच उलगडतें.

ज्यांस मोटारीच्या पोटांत डोकावण्याचा प्रसंग आला नसेल, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. चाक थांबविण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलींत चाकाबरोबर फिरणारा, डब्याच्या आकाराचा एक ड्रम असतो. त्याच्या आंत दोन अर्धचंद्राकृति शू असतात. ते फांकले म्हणजे ड्रमच्या आंतल्या अंगाला घासून त्याला थोपवितात. दुसरींत ओतीव लोखंडाची एक उघडी चकती फिरते, आणि कॅलिपर नांवाचा चिमटा दोन्ही बाजूंनीं तिच्यावर पॅड दाबतो. ड्रम म्हणजे झांकलेलें भांडें, डिस्क म्हणजे उघडी थाळी. झांकलेल्या भांड्यांत धूळ-पाणी सहसा शिरत नाहीं, पण उष्णता कोंडते. उघड्या थाळीला वारा लागतो. पण पाऊस, धूळ आणि मीठ हींहि लागतात. पुढील सव्वाशें वर्षांची हकीकत या एका भेदावर उभी आहे.

या दोन्ही कल्पना जुळ्या भावंडांसारख्या जवळजवळ एकाच वेळीं पुढें आल्या. १९०२ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनॉनें ड्रम-ब्रेकला आजचें रूप पुष्कळसें दिलें. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टरनें डिस्क-ब्रेकचें पेटंट घेतलें. लँचेस्टर हा असाधारण बुद्धीचा मनुष्य होता. विमानाचे पंख हवेंत कसे तरतात यावर त्यानें १९०७ सालींच ग्रंथ लिहिला, आणि दोन सैन्यांच्या बळाचें गणित मांडणारे त्याचे नियम आजहि अभ्यासिले जातात. पण त्याच्या डिस्कला काळ अनुकूल नव्हता. पॅडांना तांब्याचें अस्तर होतें. तें लोखंडावर घासतांना कर्कश किंचाळे, आणि त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ तें अस्तर झपाट्यानें खाऊन टाकी. उघडी थाळी उघडेपणामुळेंच हरली. ज्या बुद्धीनें इतक्या गोष्टी काळाच्या आधीं पाहिल्या, तिचा धनी १९४६ सालीं बर्मिंगहॅमलाच, पैशाच्या विवंचनेंत असतांना वारला. त्याच्या डिस्कचा खरा उत्कर्ष त्यानंतर अवघ्या सात वर्षांनीं व्हावयाचा होता.

मधल्या काळांत ड्रमचें राज्य होतें, आणि तें राज्य ज्या अस्तरावर टिकलें त्याचा जनक हर्बर्ट फ्रूड हा होय. डर्बिशायरच्या टेंकड्यांतील उतारांवर गाडीवान आपल्या गाड्यांच्या ब्रेकांत जुन्या बुटांचें चामडें खुपसतात, हें पाहून त्याला चांगलें अस्तर करण्याची कल्पना सुचली, असें सांगतात. १८९७ सालीं त्यानें कारखाना काढला. स्वतःच्या आडनांवाचीं अक्षरें फिरवून व त्यांत पत्नीच्या नांवाचें आद्याक्षर मिळवून 'फेरोडो' हें नांव बनविलें. आणि १९०८ च्या सुमारास अस्तरांत ॲस्बेस्टॉसचा उपयोग सुरू केला. ॲस्बेस्टॉस जळत नाहीं, झिजतोहि थोडाच. पण त्याची धूळ माणसाच्या फुप्फुसांत कायमची घर करते. १९२४ सालीं रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली कर्शॉ ही तेहतीस वर्षांची स्त्री मरण पावली, आणि तिच्या शवाच्या तपासणीवरून या रोगाची वैद्यकीय नोंद प्रथम झाली. तरीहि ब्रिटनमध्यें ब्रेकांसह सर्वत्र ॲस्बेस्टॉसला पुरती बंदी होण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. जुन्या गाडीचें काम घरीं करणाऱ्यानें हा इतिहास लक्षांत ठेवावा: ड्रममधील धूळ फुंकरीनें अगर हवेच्या नळीनें कधींहि उडवूं नये, ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी आणि नाका-तोंडावर चांगला मास्क असावा.

आतां ज्या माणसाकडे मला वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे, त्याच्याकडे येतों. अमेरिकेंत सिनसिनाटी येथें पॉवेल क्रॉस्ली नांवाचा एक उद्योगपति होता. स्वस्त रेडिओ घरोघर पोंचवून त्यानें पैसा मिळविला, आणि मग गरिबाला परवडेल अशी चिमुकली मोटार करण्याच्या ध्यासानें त्यांतील बराचसा घालविला. १९४९ सालीं त्यानें 'हॉटशॉट' नांवाची दोन आसनांची छोटी गाडी विक्रीस काढली. तिचें इंजिन पाऊण लिटरहूनहि लहान होतें. पण तिच्या चारी चाकांस डिस्क-ब्रेक होते. ही डिस्क मुळांत विमानांसाठीं तयार झालेली होती. त्याच सुमारास क्रायस्लरनेंहि आपल्या महागड्या गाडींत एक प्रकारचा डिस्क-ब्रेक बसविला होता. पण तो कवचांत बंद केलेला व किंमतीनें भारी असा होता. उघडी, चिमट्याची डिस्क सामान्य माणसाच्या मोटारीला लावण्याचें धाडस क्रॉस्लीनें केलें. १९५० च्या ३१ डिसेंबरला सेब्रिंग येथें झालेल्या शर्यतींत एका हॉटशॉटनें इंजिनाच्या आकाराचा हिशेब धरून दिलें जाणारें पहिलें स्थान पटकाविलें. पण तोंपर्यंत गाडीच्या डिस्कचा निकाल लागून चुकला होता.

तो निकाल शर्यतीच्या मैदानावर लागला नाहीं. हिवाळ्यांतल्या रस्त्यांवर लागला. रस्त्यावर साचलेला बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकण्याची चाल अमेरिकेच्या उत्तर भागांत तेव्हां नवीनच होती. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत न्यू हॅम्पशायर राज्यानें तें सरसकट धोरण म्हणून स्वीकारलें, आणि युद्ध संपल्यावर इतर राज्यांनींहि तोच कित्ता गिरविला. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो आणि रस्ते मोकळे होतात. पण तेंच खारें पाणी चाकांखालून उडून उघड्या डिस्कवर व कॅलिपरवर बसूं लागलें. क्रॉस्लीच्या गाड्यांचे ब्रेक जाम होऊं लागले. ग्राहकांनीं तक्रारी केल्या. कित्येकांनीं पदरचे पैसे घालून ड्रम बसवून घेतले. आणि १९५० सालींच कंपनीनेंहि डिस्क सोडून ड्रमचा आश्रय केला. १९५२ सालीं मोटारींचा कारखानाच बंद पडला. तो केवळ ब्रेकमुळें बंद पडला असें म्हणणें अन्यायाचें होईल; युद्धोत्तर अमेरिकेला मोठ्या गाड्या हव्या होत्या हें त्याचें मुख्य कारण. पण डिस्कच्या वंशावळींत क्रॉस्लीचें नांव तळटीपेपुरतें उरलें तें मात्र मिठामुळेंच.

मीठ लोखंडाला नेमकें काय करतें, याचा उलगडा केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स या रसायनज्ञानें १९२० च्या दशकांत एका साध्या प्रयोगानें केला होता. त्यानें स्वच्छ लोखंडाच्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. सामान्य माणसाला वाटेल कीं जेथें हवा अधिक तेथें गंज अधिक. प्रत्यक्षांत उलट घडलें. थेंबाच्या कडेला हवेंतील प्राणवायु सहज पोंचतो, तेथील लोखंड शाबूत राहिलें. मध्यभागीं प्राणवायूची वाण पडते, तेथील लोखंड विरघळलें. एकाच लोखंडाचे दोन भाग जणूं विजेच्या घटाचीं दोन टोकें बनतात, आणि खारें पाणी त्यांमधून प्रवाह सुलभतेनें वाहूं देतें. म्हणून लोखंडाचें खरें मर्मस्थान उघडा पृष्ठभाग हें नसून, दोन भाग जेथें एकमेकांस चिकटून बसतात ती अरुंद फट हें आहे. शिवाय तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. फटींत जागा नसते. म्हणून तो पाचरेसारखा दोन्ही भागांस जखडून टाकतो. मिस्त्रींच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर मला येथें मिळालें.

यापुढचा भाग सुप्रसिद्ध आहे. १९५२ सालीं रँस येथें स्टर्लिंग मॉस यानें डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार गाडींत विजय मिळविला. १९५३ च्या जून महिन्यांत ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली; तिच्या भावंडांनीं दुसरा आणि चौथा क्रमांक घेतला, आणि त्या शर्यतींत ताशीं शंभर मैलांहून अधिक सरासरी वेग प्रथमच नोंदला गेला. ड्रमवाले प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच आधीं वेग कमी करीत. डिस्कवाले अगदीं वळणाशीं येईपर्यंत थांबत. १९५५ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत सिट्रोएन डी. एस. आली, तिच्या पुढच्या चाकांस डिस्क होत्या. १९५७ सालीं जॅग्वार एक्सके १५० च्या चारी चाकांस त्या लागल्या. लँचेस्टरचा पक्ष खरा ठरला. परंतु ल माँची कसोटी चोवीस तासांची असते. त्या काळांत गाडी क्षणभरहि स्वस्थ नसते, तिची डिस्क घासून घासून आरशासारखी लख्ख राहते. संसारी माणसाच्या गाडीची कसोटी निराळी: ती आठ-आठ दिवस दारांत भिजत उभी राहते, चार मैल चालते, आणि पुन्हां उभी राहते. ही दुसरी परीक्षा घेतली क्रॉस्लीनें. आणि तींत तो नापास झाला म्हणून ती परीक्षाच झाली नाहीं असें आपण धरून चालतों.

आतां मागच्या चाकाची विशेष गोष्ट. ब्रेक दाबला म्हणजे गाडीचा भार पुढें झुकतो. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचीं चाकें करतात आणि मागच्या डिस्कच्या वांट्याला थोडें येतें. जी डिस्क कमी घासते तिच्यावरचा गंज कमी पुसला जातो. दुसरी अडचण हँडब्रेकची. उभी गाडी धरून ठेवण्याचें काम ड्रम सोप्या रचनेनें करतो. डिस्कला त्यासाठीं निराळी योजना लागते. म्हणून कांहीं कारखान्यांनीं एक तोड काढली: डिस्कचा मधला भाग टोपीसारखा खोल करावयाचा आणि त्याच्या पोटांत हँडब्रेकसाठीं एक लहानसा ड्रम ठेवावयाचा. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीला १९६५ च्या मॉडेलांत चारी डिस्क मिळाल्या तेव्हां मागें हीच योजना होती, आणि माझ्या गाडींतहि तीच आहे. म्हणजे हरलेला ड्रम विजयी डिस्कच्या पोटांत दडून राहिला. कालांतरानें शू जेथें घासतात तेथें खोलगट झीज होते आणि कडेला लोखंडाचा कंगोरा उरतो. डिस्क ओढूं लागलें कीं शू त्या कंगोऱ्यांत अडकतात. हें दुसरें उत्तर. तिसरें अगदींच साधें: डिस्क जागेवर राहावी म्हणून तिला लावलेले एकदोन छोटे स्क्रू, ते गंजलेले असतात.

तीन बंधनें कळल्यावर काम तीन दिवसांचें झालें, पण झालें. तें सांगण्यापूर्वीं एक सूचना. जॅक हा गाडी उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. मागची बाजू उचलावयाची आणि हँडब्रेक सोडावयाचा, म्हणून जमीन सपाट असावी, पुढच्या चाकांना दोहों बाजूंनीं अडसर लावावेत आणि गाडीचा भार पक्क्या स्टँडवर घ्यावा. बटणाचा, विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर त्याला दुरुस्तीच्या स्थितींत नेण्याची कंपनीनें सांगितलेली रीत आधीं पार पाडावी; ती न कळल्यास त्या कामाच्या वाटेला जाऊं नये. काढलेला कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. तारेनें वर बांधावा.

पहिल्या दिवशीं मिस्त्रींनीं मला कांहींच करूं दिलें नाहीं. तारेच्या ब्रशानें तुंब्याभोंवतालचा गंज झाडला, फटींत आणि स्क्रूंच्या डोक्यांवर गंज सोडविणारें तेल सोडलें आणि म्हणाले, "आता जेवा आणि झोपा. तेलाला काम करू द्या." अधीरतेनें केलेल्या दहा घावांपेक्षां एका रात्रीचें तेल अधिक काम करतें, हें मला तेव्हां पटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं हातोड्याच्या घावाबरोबर वळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन स्क्रू काढले; साध्या ड्रायव्हरनें त्यांचीं डोकीं झिजलीं असतीं. मग डिस्कच्या टोपीवरचें रबरी बूच काढून त्या भोंकांतून आंतलें दांतेरी चाक फिरविलें, आणि शू कंगोऱ्यापासून आंत ओढून घेतले. पुन्हां तेल, पुन्हां रात्र.

तिसऱ्या दिवशीं घाव घातले ते मी घातले होते तसे कडेवर नव्हेत; टोपीच्या सपाट भागावर, चाकाच्या बोल्टांच्या मधोमध, बेताचे, आणि दर घावागणिक डिस्क थोडी फिरवून. एकाच जागीं जोरानें मारलें तर तो मार बेअरिंगला पोंचतो. डिस्कवर आट्यांचीं दोन लहान भोंकें होतीं. तीं कशासाठीं हें मला आजवर माहीत नव्हतें. मिस्त्रींनीं त्यांत दोन बोल्ट घातले आणि एकदां हा, एकदां तो, असे पाव-पाव फेऱ्यानें आंवळले. बोल्टांचीं टोकें तुंब्यावर टेकलीं आणि डिस्कला बाहेर लोटूं लागलीं. ज्यानें ती डिस्क घडविली, त्यानें ती कधींतरी जाम होणार हें ओळखून सुटकेची सोय करून ठेवली होती. क्रॉस्लीच्या ग्राहकांचा मनस्ताप अगदींच वायां गेला नाहीं, असें मला त्या दोन भोंकांकडे पाहून वाटलें. थोड्या वेळानें 'टक्' असा आवाज झाला आणि डिस्क हातांत आली.

नवी बसवितांना तुंबा धातु दिसेपर्यंत घासला. तेथें गंजाची पापडी राहिली तर डिस्क किंचित् तिरपी बसते आणि ब्रेक दाबतांना पायाखालीं थरथर जाणवते. टेकण्याच्या जागेवर गंजरोधक पेस्टचा पुसट हात फिरविला; घासणाऱ्या पृष्ठभागावर ती लागूं दिली नाहीं. उजव्या बाजूची डिस्कहि बदलली, कारण दोन्हीं बाजूंचा जोर सारखा राहिला पाहिजे. शेवटीं हँडब्रेक जुळविला, आणि गाडी हलविण्यापूर्वीं पायाचा ब्रेक टणक लागेपर्यंत अनेकदां दाबला. हें विसरणाऱ्याची गाडी पहिल्या प्रयत्नांत थांबत नाहीं.

या कथेचा शेवट अजून व्हावयाचा आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत वेग कमी करतांना मोटरच उलट वीज निर्माण करते आणि ब्रेकला फारसें काम उरत नाहीं. म्हणजे तेथें गंजाला पूर्ण अवकाश. २०२० सालीं बाजारांत आलेल्या फोक्सवॅगनच्या आयडी-३ या विजेच्या गाडीला मागें पुन्हां ड्रम बसविलेले आहेत. जो ड्रम मागासलेला म्हणून आपण मोडींत काढला, तो झांकलेला असल्याच्या एका गुणावर परत आला. १९५० सालीं क्रॉस्लीनें निरुपायानें जें केलें, तेंच सत्तर वर्षांनीं विचारपूर्वक करण्यांत आलें.

विजयांच्या यादीवरून लिहिलेल्या इतिहासांत ही गोष्ट दिसत नाहीं. त्यांत १९५३ असतें, १९४९ नसतें. पण गाडीखालीं तेलकट हातांनीं बसलेला मनुष्य ल माँच्या विजेत्यांचा जितका वारस आहे, तितकाच क्रॉस्लीच्या फसलेल्या प्रयोगाचाहि आहे; किंबहुना त्याला उपयोगीं पडणारें ज्ञान दुसऱ्याकडूनच अधिक आलें आहे.

जातां जातां मिस्त्रींना मीं विचारलें कीं, पुन्हां असें होऊं नये म्हणून काय करावें? ते म्हणाले, "काही नाही सर. आठवड्यातनं एकदा गाडी बाहेर काढा, आणि रस्ता मोकळा बघून चारदा चांगला ब्रेक दाबा. लोखंडाला बसून ठेवू नका." यंदाच्या पावसाळ्यांत दर रविवारीं मी हा नेम पाळीत आहें. काढलेली जुनी डिस्क, तिच्या उडालेल्या टवक्यासह, माझ्या अभ्यासिकेंत कागदांवर ठेवावयाचें वजन म्हणून उपयोगीं पडते.